चौदा नंबरचं हसू

घरातून सिलिंडर चोरीला गेला तर चौकीत तक्रार लिहून घेतात. सायकल गेली तरी लिहून घेतात, ती परत मिळत नाही ही गोष्ट वेगळी. पण माझ्या ताईचं हसू चोरीला गेलं, आणि रोज संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर सगळ्यांदेखत राजरोस वाजत होतं, त्याची तक्रार कुठे करायची हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढे संतापायला मोकळा.

माझी सुरुवात चपलांच्या दुकानाबाहेर झाली. हातात माईक आणि तोंडाने 'डावी घ्या, उजवी फुकट'. लोक चपला घ्यायचे नाहीत, पण थांबून ऐकायचे. दुकानदाराने मला काढलं तेव्हा म्हणाला, "तुझ्यापायी गिऱ्हाईक फुटपाथवरच रमतं रे, आत कुणी पाय ठेवत नाही." मग बारा वर्षं मी हॉटेलांच्या मागच्या खोल्यांत, क्लबांत, कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात उभं राहून विनोद सांगितले. एकदा तर एका माणसाच्या निवृत्तीला गेलो आणि तो निवृत्त होणारच नव्हता, त्याला ते माझ्याकडूनच कळलं. असो.

उभं राहून विनोद सांगणाऱ्याला लोक दिसत नाहीत. दिवे त्याच्या तोंडावर असतात आणि समोर नुसता काळोख. त्यामुळे आम्ही माणसं कानाने ओळखतो. नाकातून हसणारा, शेजाऱ्याकडे बघून मगच हसणारा, बायकोने कोपर मारल्यावर हसणारा, आणि विनोद घरी गेल्यावर कळणार असा आत्ता उगाच हसून ठेवणारा. मला तिसऱ्या रांगेतला कोण कधी उठून मुतायला गेला तेही सांगता येतं.

आणि त्या सगळ्या काळोखात ताईचं हसू म्हणजे जुनी स्कूटर. पहिली किक वाया, दुसरी वाया, तिसरीला गाडी धरते आणि मग बंद होत नाही. श्वास संपला की "अगं आई गं" म्हणते आणि मनगटाने डोळे पुसते. लाख बायका आणून बसवा, मी डोळे मिटून तिला काढून दाखवेन.

माझा तासाभराचा एक कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड झाला. ताई तिसऱ्या रांगेत होती आणि लोकांचा हशा टिपायला वरून माईक टांगले होते, त्यातला एक बरोबर तिच्या डोक्यावर. त्या दिवशी मी तिने मला सायकल कशी शिकवली ते सांगितलं. मागून धरलंय म्हणाली आणि सोडून दिलं; मी मागे न बघता दोन गल्ल्या तिच्याशी गप्पा मारत गेलो, वर तिला म्हणतोय, गप्प का गं, दमलीस का. त्यावर ताईची स्कूटर अशी सुटली की मला एक मिनिट पाणी पीत उभं राहावं लागलं. तो कार्यक्रम खूप लोकांनी पाहिला. एका निर्मात्यानेही पाहिला. सेटवर सगळे त्याला मालक म्हणतात, मीही म्हणतो. त्याने मला सिरियलमध्ये घेतलं.

भूमिका काय, तर मेव्हणा. चार दिवसांसाठी बहिणीकडे आलेला आणि तीन वर्षं सोफ्यावरून न उठलेला. तेव्हापासून रस्त्यात अनोळखी बाप्ये मला "काय मेव्हणे" अशी हाक मारतात आणि मी हसून ओ देतो. हाक मारता मारता नातं जोडायची आणि तोंडभर शिवीही द्यायची अशी सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.

तर सिरियल. तीन भिंतींचं घर, चौथीच्या जागी कॅमेरे. लोक नाहीत. हशा नंतर भरतात. त्यासाठी प्रत्येक विनोदानंतर आम्ही जागा सोडायची. म्हणजे वाक्य टाकायचं आणि मनात एक, दोन, तीन म्हणत भुवई वर करून उभं राहायचं. त्या तीन आकड्यांत सेटवर पंख्याचा आवाज येतो, लाईटवाला खोकतो. बारा वर्षं मी त्या शांततेला घाबरून पळालो होतो आणि आता रोज तिच्यासमोर हात जोडून उभं राहायचं. पण माणूस रुळतो. मी रुळलो. पुढे त्या जागेत काय भरतात ते मी कधी बघितलं नाही, कारण आपलंच तोंड टीव्हीवर बघायला मला फार हिंमत लागते.

एके दिवशी मेकअपच्या खुर्चीत होतो, ताईचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"तोंड रंगवतोय. का गं?"

"मी तुझ्या शूटिंगला कधी आले होते का रे?"

"आमच्यात कुणी येत नाही. का?"

"मग काल मी हसले कशी?"

ताई इस्पितळाच्या लाँड्रीत आहे, एकोणीस वर्षं. तळघरात पाच मोठे ड्रम, वाफ, आणि चादरींचे डोंगर. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन कोपरे धरतात, झटकतात आणि चालत एकमेकींकडे येतात. कोपऱ्याला कोपरा लागला की नाकाला नाक लागतं. परत मागे, परत पुढे. दिवसाला दोनशे-अडीचशे वेळा. ताईची जोडीदारीण नऊ वर्षं एकच, अशी उंच की सगळ्या तिला शिडी म्हणतात. इतक्या वेळा नाकाला नाक लावल्यावर दोन बायकांमध्ये काही लपून राहत नाही.

शिडीचा नवरा चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता. भाजी आणायला जावं तसा गेला, पिशवीसुद्धा घेऊन गेला. लाँड्रीत तिने सांगितलं होतं की तो बाहेरगावी कामाला लागलाय. खरं फक्त ताईला माहीत होतं.

आणि आदल्या दिवशीच्या भागात मेव्हणा, म्हणजे अस्मादिक, शेजारच्या बाईबद्दल म्हणतो: "तिचा नवरा पळून गेला म्हणतात. पळून कसला जातोय, शिक्षा भोगून झाली, सुटला बिचारा." एक, दोन, तीन. एरवी ते बाकीच्यांच्या हशात बुडून जायचं; या वेळी त्या जागेत सगळ्यांच्या वरताण एक किक, दुसरी किक, आणि मग स्कूटर. शेवटी "अगं आ", एवढ्यावर कापलेलं.

"शिडीने घरी बघितलं," ताई म्हणाली. "सकाळी आली ती बोलेचना. मी विचारलं तर म्हणाली, भाऊ बोलतो, बहीण हसते, छान आहे हो घर तुमचं."

"मग तू सांगायचं ना, मी नव्हते म्हणून."

"सांगितलं. म्हणाली, तुझं हसणं मी नऊ वर्षं ऐकतेय, मला नको शिकवू. तिला वाटतंय मी तुला तिचं सगळं सांगितलं, तू ते सिरियलमध्ये घातलंस आणि मी समोर बसून खिदळले. दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या आम्ही. ती जवळ यायची आणि तोंड फिरवायची. दोनशे वेळा रे."

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी मेकअप अर्धा टाकून, म्हणजे एक गाल गोरा आणि एक माझा, असा ध्वनीमिश्रणाच्या खोलीत गेलो. तिथे आमचा कानसेन बसतो. साठीला आलेला, दिवसभर हेडफोन लावून एकटाच, त्यामुळे कुणी बोलायला आलं की आनंदाने सगळी गुपितं सांगतो.

"चौदा नंबर होय," तो म्हणाला. "आपलं हुकमी पान आहे ते. विनोद पडला की चौदा लावतो. तुमच्याच कार्यक्रमातून कापलंय की. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?"

"सिरियलच्या करारावर तुम्हीच सही केलीत म्हणे. कार्यक्रमातले सर्व आवाज कंपनीचे." त्याने मला यादी दाखवली. एक नंबर, हलका हशा. सहा नंबर, पुरुष, मध्यम. चौदा नंबर, बाई, मोठा, संसर्गजन्य.

संसर्गजन्य. माझी बहीण की गोवर?

"आतापर्यंत कितीदा लावलंत?"

"ते विचारू नका," तो खाली बघत म्हणाला.

मग त्याने मला सगळं ऐकवलं. ताई जाड्या माणसावर हसत होती. तोतऱ्या पोस्टमनवर हसत होती. सून सासूच्या चहात मीठ घालते त्यावर हसत होती, म्हाताऱ्याची कवळी पडते त्यावर हसत होती. माझी ताई, जी पडलेल्या माणसाला आधी उठवते आणि मग घरी येऊन आठवून हसते. सायकलवर बसलेल्या आपल्या वेड्या भावाला ती हसली होती, त्या हसण्याच्या चिंध्या करून यांनी जगभरच्या घाणीवर पोतेरं फिरवलं होतं.

मालकाच्या केबिनमध्ये गेलो. त्याने शांतपणे ऐकलं. मालक सगळं शांतपणेच ऐकतो, कारण त्याला काहीच करायचं नसतं.

"बहिणीला अभिमान वाटायला हवा," तो म्हणाला. "रोज घराघरांत जाते ती."

"तिला न विचारता जाते."

"अहो, हसण्याला काय विचारायचं? हसणं म्हणजे काय जमीन आहे का, सातबारा दाखवायला?"

"त्या विनोदावरून तरी काढा. एकाच. तिची मैत्रीण तुटतेय."

"आज एकाचं काढलं की उद्या सहा नंबरची बायको येईल." त्याने माझ्या गालाकडे बोट केलं. "तुम्ही तो दुसरा गाल करून घ्या आधी."

मी लाँड्रीतही गेलो, शिडीला समजवायला. पाच ड्रमच्या घरघरीत मी तिला ओरडून सांगत होतो की हशा खोटा असतो, मागाहून चिकटवतात. तिने चादर झटकली, मी अर्धा ओला झालो.

"तुम्ही नट," ती म्हणाली. "तुम्ही रडूनही दाखवाल."

"शपथ घेऊन सांगतो."

"आणि ते बोललात, तेही मागून चिकटवलं होतं का? ओठ तर तुमचेच हलत होते."

"ते लिहिलेलं होतं, बाई. आम्ही लिहिलेलं बोलतो."

"बरंय. आम्ही मळलेलं धुतो."

ताई पलीकडच्या टोकाला चादर धरून उभी होती, माझ्याकडे बघतही नव्हती. नंतर जिन्यात म्हणाली, "ती काय चुकीचं बोलली? वाचलंस तेव्हा तुला काही वाटलं नाही का रे?" मी म्हटलं, कामाच्या धबडग्यात लक्षात येत नाही. आणि विषय बदलून मालकावर घसरलो. मालकावर घसरणं फार सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सेटवर असहकार पुकारला. जागाच सोडायची नाही. वाक्य संपतंय तोवर पुढचं, ते संपतंय तोवर समोरच्याचंही मीच. जागाच नाही तर चौदा नंबर घालणार कुठे? बहिणीची भूमिका करणारी बाई दम लागून सोफ्यावर बसली. दिग्दर्शक म्हणाला, "मेव्हणे, आगगाडी सुटलीये का?" मी म्हटलं, ही माझी नवी शैली आहे. तीन दिवस चाललं. मग भाग लागला, त्यात माझं वाक्य झालं की माझा चेहरा पडद्यावर तसाच थिजलेला, एक भुवई वर, तोंड अर्धं उघडं, आणि त्यावर सात सेकंद ताई. उलट जास्तच मिळाली त्यांना जागा. तेव्हा मला कळलं की सरळ बोटाने तूप निघणार नाही.

आणि वाकडं बोट करण्यात मी लहानपणापासून हुशार.

मालिकेचे पाचशे भाग झाले म्हणून समारंभ ठरला. भरदुपारी, मोठ्या हॉलमध्ये, चॅनेलवर थेट प्रक्षेपण. मालक भाषण करणार होता, विषय 'आमच्या मालिकेतला स्त्रियांचा सन्मान'. हे मी बनवून सांगत नाही, पत्रिकेवर छापलं होतं. आवाजाचं काम कानसेनाकडे. मी त्याच्या खोलीत गेलो.

"चौदा नंबर तिथे वाजवता येईल?"

त्याने हेडफोन काढले. "का?"

"मालक सन्मानाबद्दल बोलायला लागला की मी कान खाजवीन. तेव्हा दाब."

त्याने हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. मला काय करणार आहेत?"

ताईला मी एवढंच सांगितलं की दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनचा टीव्ही लाव आणि शिडीला शेजारी बसव. का, ते सांगितलं नाही. गंमत आधी सांगितली की तिची चव जाते. माझं गणित साफ होतं: शिडीला दिसेल की ताई शेजारी बसून पाव खातेय आणि तिचं हसू तिकडे टीव्हीत वाजतंय. त्यानंतर कुणी काही समजवायची गरज नाही.

समारंभात मी पहिल्या रांगेत. मालक उभा राहिला. स्त्री म्हणजे शक्ती, स्त्री म्हणजे घराचा पाया. दाबायला हवं होतं तेव्हाच. पण मी थांबलो. बारा वर्षांची सवय. हॉल अजून तापलेला नव्हता, लोक पत्रिकेने वारा घेत होते. म्हटलं, अजून जरा चढू दे. मोठ्या हशासाठी थांबणं हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

आणि मालक मधेच अडखळला. हातातला कागद त्याने खाली ठेवला.

"माझी आई," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेली. त्या दिवशी आपलं शूटिंग चालू होतं. तिचा फोन आला होता. मी म्हटलं, शॉट झाल्यावर करतो." त्याने खिशातून रुमाल काढला. "शॉट लांबला," एवढंच म्हणाला.

ते नाटक नव्हतं. नाटक मला कळतं, मी त्याच्यावर पोट भरतो. हॉलमध्ये कुणी हललं नाही. पत्रिका थांबल्या. अशी शांतता मला बारा वर्षांत एकदाही मिळाली नव्हती: भरलेली, ताणलेली, टाचणी टोचली तर फुटेल अशी. विनोद सांगणाऱ्या माणसाला ती दिसली की त्याला दुसरं काही दिसत नाही. मला माहीत होतं की ही जागा नाही. आणि माझा हात कानाकडे गेला.

एक किक. दुसरी किक. मग स्कूटर सुटली, हॉलच्या चारही स्पीकरांतून, छतापासून जमिनीपर्यंत. "अगं आ".

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. यादीत लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पंधरा सेकंदांत चारशे माणसं हसत होती, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि व्यासपीठावर तो माणूस रुमाल अर्धवट वर धरून उभा. त्याने माझ्याकडे बघितलं. मीही हसत होतो. आता लपवून काय करू.

कॅन्टीनमध्ये काय झालं ते मला मागाहून कळलं. शिडीने टीव्हीकडे बघितलं, मग ताईकडे. ताईच्या तोंडात पावाचा घास होता. शिडी म्हणाली, "हे तू हसलीस?" ताईने घास तोंडात तसाच ठेवून नाही म्हणून मान हलवली. "मग तेव्हाही तू नव्हतीस," शिडी म्हणाली. नऊ वर्षं ओळखीच्या हसण्यावर तिने बाकीचं सगळं खरं धरलं होतं; हसू खोटं निघालं तसं बाकीचंही कोसळलं. तिने ताईच्या ताटात आपली भाजी वाढली. झालं, मिटलं.

मी संध्याकाळी विजयी मुद्रेने ताईकडे गेलो. नोकरी गेली होती. दिग्दर्शकाचा निरोप आला होता की मेव्हणा पुढच्या भागात परदेशी जातोय, परत येणार नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हटलं, ताई आज तरी पाठ थोपटेल.

तिने दार उघडलं आणि वाटेतच उभी राहिली.

"आत घेत नाहीस?"

"कुणाच्या मेल्या आईवर मला हसवलंस रे तू?"

"अगं, शिडीला पटलं ना पण? बोलायला लागली ना?"

"लागली. त्या माणसाचं तोंड बघितलंस का? मी बघितलं. मोठं करून दाखवत होते. तो रडत होता आणि मी हसत होते."

"तू नव्हतीस हसत. तेच तर दाखवायचं होतं."

"हे शिडीला पटलं. त्याला कोण पटवणार? चारशे लोकांना, आणि टीव्हीवर बघितलं त्यांना? एका बाईला खरं कळावं म्हणून तू मला सगळ्या गावापुढे खोटी पाडलीस."

"त्याने तुझं हसू पाचशे वेळा वापरलं, ताई. मी एकदा वापरलं."

"त्याला माझी ओळख नव्हती," ती म्हणाली. "तुला होती. त्याने विचारलं नाही, तूही नाही विचारलंस. मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय, तू घरी जेवायला येतोस एवढाच?"

मी एक चप्पल काढली होती, ती परत घातली.

"तो पळालेल्या नवऱ्याचा विनोद बोलायच्या आधी गप्प राहिला असतास तर यातलं काहीच झालं नसतं," ती म्हणाली. "उद्या जा आणि माफी माग त्याची. माझ्या वतीने नको, तुझ्या स्वतःच्या. तोवर इथे येऊ नकोस." आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसतं लावलं.

रात्रभर मी चरफडत होतो. ज्याने चोरी केली तो केबिनमध्ये एसीत बसणार आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याने माफी मागायची, हा कुठला न्याय? पण गेलो. ताईपुढे माझं कधी चाललेलं नाही.

मालकाने मला बसायला सांगितलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या आईच्या वेळी ते वाजवायला नको होतं. मला कळलं होतं आणि तरी मी खूण केली. माफ करा."

तो खिडकीकडे बघत होता. "तो फोन मी खरंच घेतला नव्हता," म्हणाला. "भाषणात ते नव्हतं. कसं आलं कोण जाणे." मला वाटलं, चला, हाही माणूस आहे. मी निघणार, तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. डोळे पुसलेले आणि आवाजात तरतरी.

"पण चारशे लोक कसे हसले हो. आईची शपथ, मी असा हशा बघितला नाही. चौदा नंबर आता सगळ्यांना ओळखू येतो, जुन्या मालिकेतून काढायला सांगितलाय. नव्या मालिकेसाठी तुमच्या बहिणीला स्टुडिओत आणा. चाळीस तऱ्हांनी हसू दे. या खेपेला रीतसर तिची सही घेऊ."

टेबलावरचा पेपरवेट माझ्या हातात आला होता, तो मी परत ठेवला. दोन उत्तरं जिभेवर होती, दोन्ही छापण्यासारखी नाहीत. पण दोन्ही माझी होती, आणि प्रश्न ताईसाठी होता.

"तिलाच विचारा," मी म्हटलं आणि लाँड्रीचा नंबर लिहून दिला.

मी माफी मागून आलो हे सांगायला तळघरात उभा होतो तेव्हाच फोन वाजला. ताईने हात पुसले, घेतला. मालकाचा आवाज ड्रमच्या घरघरीतूनही बाहेर येत होता. सगळ्या बायका कामं सोडून गोळा झाल्या. शिडी वाकून रिसीव्हरला पलीकडून कान लावून उभी राहिली.

"हसायला यायचं?" ताई म्हणाली. "कशावर?" ऐकून घेतलं. "अहो, काहीही म्हणजे काय, तो विनोद सांगा ना आधी. मी काय हवेवर हसू?"

मालकाने विनोद सांगितला. फार लांबलचक असावा. ताई मन लावून ऐकत होती, "हं", "बरं", "मग" करत. शिडीचा चेहरा निर्विकार.

"झाला?" ताईने विचारलं. "नाही आलं."

पलीकडून दुसरा सुरू झाला. ताई म्हणाली, "अहो, चादरी पडल्यात," आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मागितलीस माफी?"

"मागितली."

"रविवारी ये जेवायला." आणि चादरीचं टोक उचललं.

फोन लगेच परत वाजला. या वेळी शिडीने उचलला, कारण तिचा हात लांब.

"नाही, त्या कामात आहेत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा तो विनोद मला, मी निरोप देते."